टेकडीचा पूर्ण फेरा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? अख्ख्या कॉलनीचा पाऊस अडवल्याचा आरोप कधी कुणावर झालेला ऐकलाय? माझ्यावर झालाय! चहा घ्या, सांगतो.

लातूर जिल्हा झाला त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. जिल्हा झाला आणि आम्ही सगळे एकदम साहेब झालो. नळाला थेंब नाही, पण पाट्या मात्र कोऱ्या करकरीत! मीही चाकूरचं घर सोडलं, इथं कापडाचं दुकान टाकलं आणि गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत राहायला आलो. पाणी टँकरचं. मागं बैलाच्या वशिंडासारखी टेकडी, तिच्यावर महादेवाचं देऊळ.

तशात मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. टेकडीला पायथ्यानं वळसा घालायचा की परत आपल्या दारात, पाऊण तासाचं काम. शेळ्यासुद्धा रोज करतात हो! पण बायकोनं बजावलं, "पोरीचं लगीन जमायचंय. घरात साखर हाय म्हणून गावभर सांगत फिरू नका."

आमच्यात सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. नव्या बुटांनी पाय सोललेले, म्हणून अनवाणी. अंगावर धोतर. असा मी निघालो. दिसत असेन कसा, तुम्हीच सांगा!

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काशीबाईंनी वाटेतच हात जोडले. "अण्णा, पावसासाठी नवस बोलला का ओ?"

साखरेचं तर सांगायचं नव्हतं. मी नुसतं वर आभाळाकडं बघितलं. झालं!

संध्याकाळी टँकर आला आणि काशीबाई ओरडल्या, "अण्णाच्या घागरी पुढं घ्या रे!" रोज घागरीला घागर आपटून भांडणारी माणसं गपकन बाजूला झाली. बायको तर कलेक्टरीणबाईसारखी उभी! खरं सांगायची हीच वेळ होती. मी सांगितलं का? छे! पहिल्या चार घागरी भरून घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यामागं रांग लागली. मास्तर आले, कचेरीतले दोन कारकून आले, बायका आल्या. चार दिवसांत पंचवीस माणसं! मी पुढं, "हर हर महादेव!" मला धाप लागली की मागचे म्हणायचे, "बघा, किती तळमळून राहिलेत!" आणि मला ते पटायला लागलं होतं, हे विशेष.

नवव्या दिवशी ढग आले. काळेभोर! कॉलनी अंगणात येऊन उभी राहिली. ढग आमच्या डोक्यावरून सरळ पुढं गेले आणि मुखेडकडं जाऊन बरसले म्हणे.

सकाळी आमची रांग निघायच्या वेळीच देवळातले म्हातारे गुरव टेकडी उतरून आले.

"अण्णा, फेरा कसा मारून राहिले तुम्ही?"

"कसा म्हणजे? पूर्ण!"

"पूर्ण? ओ, म्हादेवाला अर्धी प्रदक्षिणा असती! पिंडीचं तीर्थ त्या मागच्या ओघळातून खाली येतं. ते ओलांडत न्हाईत. तुम्ही रोज ओलांडून राहिले की!"

गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि लहानपणी आजोबांनी कान पिळून शिकवलेली गोष्ट मी विसरलो होतो! डॉक्टरच्या पाऊण तासात प्रदक्षिणेचा नियम डोक्यात आलाच नाही हो!

पंचविसांनी माझ्याकडं बघितलं. तेसुद्धा तोच ओघळ ओलांडत होते बरं का! पण मास्तर म्हणाले, "आपण तर ह्यांच्या मागं होतो." शिकलेला माणूस!

"अहो, नवस कसला!" मी ओरडलो. "मला साखर हाय, साखर! म्हणून चालतो!"

काशीबाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मंग आमच्या आधी घागरी कामून भरल्या?"

खरंच लाज वाटली.

त्या दिवशी आमच्या घागरी पार शेवटी गेल्या आणि आमची पाळी येईतो टँकर कोरडा. मी चालणं बंद केलं. आणि तिसऱ्याच दिवशी असा पाऊस पडला, असा पडला, की विचारू नका! आता बोला!

तेव्हापासून आभाळ भरून आलं की काशीबाई आमच्या ओट्यावर येऊन बसतात, मी कुठं निघतोय का ते बघायला. परवा मी नुसता दुकानाला निघालो होतो. काशीबाई काही बोलायच्या आत आमची बायकोच आडवी आली, "बसा की ओ घरी! आलेलं आभाळ उगं कामून घालवता?"