बॅटरीसाठी सावलीची जागा

सूर्याशी वैयक्तिक भांडण असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. उन्हाची तक्रार शेवगावात सगळेच करतात, चैत्र लागला की ओट्यावर बसून करण्यासारखं दुसरं फारसं काही उरतही नाही. पण मामांची तक्रार स्वतःसाठी नव्हती. ते स्वतः भर दुपारी बोडक्या डोक्यानं बाजारात जाऊन येत आणि वर चहा मागत. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्या उन्हानं त्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे वाकड्या नजरेनं बघू नये. या बॅटरीपायी माझं ठरत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. ते सांगणारच आहे, पण आधी मामा नीट कळायला हवेत, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी काहीतरी रचून सांगतेय.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी मला आत्याकडे ठेवलं आणि मी तिथंच बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. मामांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. त्यामुळे बैलगाडी लांबून बघून ते उसाचं वजन सांगत आणि लग्नात पंगतीला बसलेला माणूस बघून त्याचंही. निवृत्त झाल्यावर वजन करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी उष्णता मोजायला घेतली. त्यासाठी त्यांच्याकडे एकच यंत्र होतं, उजव्या हाताची उलटी बाजू. पोराला ताप आहे का बघतात तसा तो हात ते भिंतींना लावत. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात, मग नमस्कार. गल्लीतले एक तात्या वारले तेव्हा मामा भेटायला गेले, तात्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तात्यांचं झालं ते आता आपल्या हातात न्हाई. पन बॅटरी तेवढी त्या पश्चिमेच्या भिंतीपासनं हलव. ती अजून वाचंल."

या वेडाचं मूळ मात्र माझ्यापाशी येतं. मामांची पहिली बॅटरी होती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. उंचावर वारा जास्त, असा त्यांचा हिशेब. उन्हाळ्यात पत्रा तापला तशी बॅटरीही तापायला लागली. तेव्हा आमच्याकडे जे कुणीही केलं असतं तेच त्यांनी केलं. माठाला गुंडाळतात तसं तिला ओलं पोतं गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ वरून पाणी शिंपडायला लागले. बॅटरीची टोकं हिरवी पडली, अंग फुगलं, आणि ज्या दुपारी मामांनी सगळ्या गल्लीला क्रिकेटचा अंतिम सामना बघायला बोलावलं होतं, त्याच दुपारी लाईट गेली आणि शेवटच्या षटकात तिनं मान टाकली. गल्ली उठून गेली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मी म्हणाले, "मामा, बॅटरी म्हणजे माठ नाही. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, म्हणून तो गार पडतो. हिच्यातून काहीच झिरपत नाही. तुमचं पोतं तासाभरात वाळतं आणि मग तिची गरमी आतच कोंडतं. हिला सावली हवी, चारी बाजूंनी मोकळी हवा हवी आणि अंग कोरडं हवं." मामांनी त्या फुगलेल्या खोक्यावरचं पोतं सोडवून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "हे कालिजात शिकिवत्यात?" मी हो म्हणाले. त्या दिवसापासून मामांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमची ग्रॅज्युएट म्हणती" अशी व्हायला लागली. विद्यापीठानं मला पदवी दिली त्याच्या कितीतरी आधी मामांनी ती देऊन टाकली होती.

दुसरी बॅटरी आली आणि घरातली सगळ्यात गार जागा शोधायला मामा भिंतींना हात लावत फिरले. ती निघाली जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीशी, जिथं आत्याचा माठ होता. माठ उठला, बॅटरी बसली. खाली लाकडी फळी, मागं भिंतीपासून चांगली हातभर मोकळी जागा, समोर खिडकी. बाळंतिणीला जपावं तसं जपणं, फक्त उलटं, कारण बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत आणि हिला वारा लागलाच पाहिजे. आत्या म्हणायची, "मला ताप आला तर गोळी घे म्हनत्यात. बॅटरी कोमट लागली तर गाव गोळा करत्यात." तिच्या पायाच्या भेगांसाठी आणलेली पेट्रोलियम जेली बॅटरीच्या टोकांना जायची. ती तक्रार करायची, आणि मामा समजूत काढायचे, की भेगांवर चुन्यासारखा पांढरा क्षार चढत नाही, टोकांवर चढतो. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी त्यांनी फडताळात एका बाटलीत ठेवलेलं असे. पाथर्डीहून आलेल्या एका पाव्हण्यानं ते घटाघटा पिऊन टाकलं आणि म्हणाला, "मामा, फिल्टरचं दिसतंय, पन चव न्हाई." मामांनी रिकामी बाटली उचलून परत फडताळात ठेवली. पाव्हणा गेल्यावर आत्याला म्हणाले, "दोन म्हैन्यांचं पानी एका दमात. आन वर नावं ठेवली." घरात विडी बंद झाली, कारण चार्ज होताना बॅटरीतून जो वायू निघतो तो पेट घेतो, हेही मीच सांगून बसले होते. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. मामा बॅटरीला लांबूनच हळद-कुंकू वाहात आणि उदबत्ती अंगणात लावून दारातून दाखवत. "देवाला वास येतो तिथनं," असं म्हणत.

तर अशा माणसाला माझ्या लग्नाच्या बोलणीत पुढं घातलं गेलं. स्थळ कर्जतकडचं. मुलगा दूध संकलन केंद्रावर कामाला, माझ्याच कॉलेजात एक वर्ष पुढं होता. आम्ही बोललो होतो, मला तो पसंत होता आणि हे मी घरात सरळ सांगून टाकलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की आमच्याकडच्या मोठ्या माणसांनी जाऊन घर बघून यायचं. माझे वडील चार माणसांत बोलायला लाजतात, म्हणून बोलायचं काम मामांकडे. वैशाखातल्या एका दुपारी दोघं गेले. तिथं काय झालं ते मला वडिलांनी सांगितलं, आणि पुढं लग्नानंतर नवऱ्यानं सांगितलं, दोघांचं तंतोतंत जुळतं.

पोहे झाले, चहा झाला. शेती, पाणी, भावकी सगळं बोलून झालं. वडिलांना वाटलं, ठरलं. तेवढ्यात मामांनी मागच्या भिंतीला हात लावला आणि विचारलं, "इन्व्हर्टर हाय का तुमच्याकडं?"

माझे होणारे सासरे खूश होऊन म्हणाले, "हाय की. वर गच्चीवर, जिन्याच्या टोपीत. लाईट गेलेली कळत बी न्हाई आमाला."

मामा उठले आणि त्या उन्हात वर गेले. वर पत्रा, पश्चिमेची भिंत, आणि बॅटरीवर चौघडी घातलेली गोधडी, धूळ बसू नये म्हणून. खाली आले तेव्हा, वडील सांगतात, त्यांचं तोंड एखाद्याची प्रकृती बघून आल्यासारखं झालं होतं.

"पाव्हनं," मामा म्हणाले, "सोयरिकीचं मागनं बघू. आधी ती खाली घ्या."

"घिऊ की सवडीनं."

"सवड न्हाई तिला. आमची ग्रॅज्युएट म्हणती, उन्हात ठिवली की बॅटरीचं निम्मं आयुष्य जातं. आमची ग्रॅज्युएट म्हणती, वर पांघरून घालू न्हाई. आमची ग्रॅज्युएट म्हणती, भिंतीला चिकटवू न्हाई." आणि मग माझ्या नावावर, मी म्हटलेलं आणि न म्हटलेलं सगळं, त्यांनी तिथं मांडलं. वडील त्यांचा सदरा मागून ओढत होते.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, "पोरगी घरात यायच्या आधी बॅटरी खाली आली. पोरगी आल्यावर काय काय खाली येतंय बघ." आणि मामांना म्हणाले, "कळवतो." आमच्याकडे ज्याला कळवायचं नसतं तोच कळवतो म्हणतो.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "घर बरं हाय. बॅटरी वर हाय." मी भांडी घासत होते, तशीच उठले. "मामा, मला त्यांच्या मुलाशी लग्न करायचंय, बॅटरीशी नाही. तुमच्यामुळं त्यांना वाटलं असेल, ही आत्ताच हुकूम सोडतेय." आत्याही म्हणाली, "पोरीचं जमत आलेलं मोडलंसा. आता जिन्याखाली जाऊन बसा तिच्याशेजारी." मामा खरंच जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "जी वस्तू रोज उजेड देती तिला उन्हात टाकून वर गोधडी घालत्यात, आन म्हनत्यात कळत बी न्हाई. तुझे आईबाप आयुष्यभर उन्हात हायेत. तुला तरी कुनी…" पुढचं त्यांनी सोडून दिलं. माझा राग गेला नाही, पण परत भांड्यांशी बसले तेव्हा घासायचा आवाज कमी झाला.

दुसऱ्या दिवशी मी मुलालाच फोन केला. वडिलांना तो दादा म्हणतो. म्हणाला, "दादा फुगून बसलेत."

मी म्हणाले, "मग त्यांनाही सावलीत घ्या."

तो हसला. मग म्हणाला, "खाली कुठं ठेवू? गार जागेत आईच्या लोणच्याच्या बरण्या आहेत." म्हणजे त्याला कळलं होतं. त्यानं आईची समजूत काढली, बरण्या उठवल्या, मित्राला हाताशी घेऊन ते जड धूड जिन्यावरून उतरवलं आणि वडिलांसमोरून नेऊन ठेवलं. सासरे दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी उन्हात लाईट गेली आणि पंखा एरवी मधेच मरगळायचा, हे त्यांनी पाव्हण्यांना सांगितलं नव्हतं, तो या वेळी चालतच राहिला. सासऱ्यांनी पंख्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "बोलाव त्या शेवगावच्या डाक्टरला."

मामा एकटेच गेले. बॅटरीला उलटा हात लावला, तिच्यामागच्या भिंतीला लावला आणि म्हणाले, "वीतभर पुढं घ्या." तिला वीतभर पुढं घेतली. सासऱ्यांनी विचारलं, "आता देताय पोरगी, का अजून कुठं हात लावायचाय?"

"पोरांची खोली कंची?" मामांनी विचारलं.

खोली दाखवली. मामांनी हात लावला आणि तसाच ठेवला. पश्चिमेची भिंत, वर स्लॅब, दुपारची तव्यासारखी. "बॅटरीला गार जागा दिली," मामा हळूच म्हणाले, "आन पोरीला ही?"

नवरा सांगतो, सासऱ्यांनी स्वतः त्या भिंतीला हात लावून बघितला. मग आपल्या उत्तरेच्या खोलीतली खाट एका बाजूनं धरली आणि मुलाला म्हणाले, "धर पलीकडनं. बघत काय राहिलास."

असं माझं लग्न ठरलं. रुखवतात आत्यानं मांडलेल्या सांडग्या-कुरडयांच्या मधोमध मामांनी शुद्ध पाण्याचा एक कॅन ठेवला होता, त्याला झेंडूची माळ घातलेली, शेजारी पेट्रोलियम जेलीची डबी. बायका येऊन विचारत होत्या, हे काय म्हणून. मामा प्रत्येकीला सांगत होते. माझ्या अक्षता पडत होत्या तेव्हा कुणाला तरी ते पाणी किती दिवसांनी घालायचं हे समजावण्याचा त्यांचा आवाज मंगलाष्टकांमधून येत होता.

आता मामा थकलेत. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्यानं गेल्या उन्हाळ्यात छतावर सौर पॅनल बसवले आणि नव्या पद्धतीची बंद बॅटरी आणली, पांढरी, सपाट, भिंतीला टांगायची. तिच्यात पाणी घालायचं नसतं, टोकांना काही लावायचं नसतं. ती जाता-येता दिसावी म्हणून पोरानं पुढच्या खोलीत लावली. मामांनी तेवढं एक भांडून तिला सावलीच्या भिंतीवर नेलं, तिथं पोराचं काही चाललं नाही. पण पुढं काही करायला उरलं नाही. पोरगा म्हणाला, "आबा, आता काहीच करावं लागत नाही." मामा म्हणाले, "मंग आमी काय करायचं?"

जिन्याखालची जागा मोकळी झाली आणि आत्याचा माठ इतक्या वर्षांनी परत तिथं आला. मामा आता सकाळी माठ भरतात, पोतं ओलं करून गुंडाळतात, आणि उलटा हात लावून बघतात. या वेळी पोतं बरोबर आहे, हे मला विचारून त्यांनी खात्री केली.

मागच्या आठवड्यात मी कर्जतहून गेले होते, दुपारच्या गाडीनं. दारात पाऊल टाकलं, नमस्कार करायला वाकले, तर त्याआधीच मामांनी माझ्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली. तो हात त्यांनी थोडा वेळ तसाच ठेवला, जुन्या सवयीनं, नीट कळेपर्यंत.

"तापलीस," म्हणाले. "हितं बस. जिन्याखाली."

मी माठाशेजारी बसले, भिंतीपासून थोडी पुढं.