हसली म्हणून गोळी

"हसून राहिली बघा. गोळी द्या हिला."

काकू बोलली. निंबोल्यात, चुलत बहिणीच्या साखरपुड्याला, सगळ्या बायांसमोर. आणि माझ्या हातांवरचा मांडा ओढून घेतला.

मी का हसले ते सांगते. आमच्याकडे मांडा पोळपाटावर लाटून संपत नाही. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची, मग चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. गार, ओलसर, जड. ती हातांवर पसरत होती आणि मला मस्त वाटत होतं. बस. इतकंच.

मला स्किझोफ्रेनिया आहे. कानात एक माणूस बोलतो. "तू मेलेली आहेस," हे त्याचं रोजचं. रात्रीच्या गोळीने तो भिंतीपलीकडे जातो, पण तिथूनही बोलतो.

डॉक्टर विचारतात, मजा कशात वाटते? मी गप्प. कारण आधी विचारलं की मला काहीच नको असतं. मांडे करणंही नको होतं, आईने ओढत नेलं. पण पीठ हातावर आलं आणि मजा आली. माझी मजा अशीच येते, आधी नाही, तेव्हाच. घरी कोणाला हे पटत नाही. नाही हसले तर "दगड झाली पोरगी". हसले तर "पुन्हा सुरू झालं हिचं".

आईने खरंच पर्समधून गोळी काढली. भरदुपारी. भाच्याच्या बारशाच्या सकाळीही मी हसले होते. तेव्हाही दिली होती. मी गिळली आणि दुसऱ्या दिवशी उठले. बारसंच नाही बघितलं.

कानातला बोलला, "घे. मेलेल्याला काय फरक पडतो."

मतलब, हा आणि काकू एकच बोलत होते.

मी म्हटलं, "आई, माझी गोळी रात्रीची आहे. रात्री घेईन. काकू, पिठाचा गोळा दे."

"भाजशील बाई."

"तू नाही भाजत?"

चुलीजवळची म्हातारी आत्या म्हणाली, "देऊन टाक वो. पुरण वाळून राहिलं."

काकूने नाही दिला. मी परातीतून उचलला. हातांवर फिरवला, पण मांडा खापरावर टाकताना फाटला. पुरण जळलं. मी हसले. जोरात. कानातला बोलत होता.

तो बोलणारच आहे. रात्रीची गोळी मी एक दिवसही चुकवणार नाही. पण हसले म्हणून दिलेली गोळी, कोणाच्याही हातची, मी थुंकून टाकणार. आईच्या हातची सुद्धा.