शनिवारीच थांबलेलं मशीन

सोमवारी सकाळी कनेक्शन टेस्ट फेल झाली, आणि मला लगेच सर्व्हर सांभाळणाऱ्या वानखडे मॅडमचा संशय आला.

चिखलीतलं आमचं ऑफिस छोटं. एका कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवणारं, कमांड टाइप करून वापरायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पोटातल्या या कॉम्प्युटरना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कनेक्शन टेस्ट म्हणजे अशा एका मशीनमधून सर्व्हरचं दार वाजवायचं. सर्व्हर आपलं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट दाखवतो. ते पटलं की टेस्ट पास.

त्या सकाळीच मॅडमनी सर्व्हरवर नवं सर्टिफिकेट टाकलं होतं. एरर होती, 'सर्टिफिकेट वैध नाही.' मी पुढचं काही तपासलं नाही. साहेबांना मेल केला, चूक मॅडमची आहे. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट त्याच आठवड्यात रिन्यू व्हायचं होतं, हे मला माहीत होतं.

मग पुरावा हवा म्हणून टेस्ट मशीनचा लॉग उघडला. सोमवारची एकही नोंद नाही, शेवटच्या सगळ्या शनिवारच्या. मला वाटलं, बाईंनी नोंदीही बदलल्या. मी त्यांना बोलावून सरळ विचारलं, शनिवारी या मशीनवर काय करत होता?

"शनिवारी मी जानेफळले होती सर, घरी," त्या म्हणाल्या. "मले काय विचारता? मशीनलेच विचारा ना, आज कोन्ता वार हाये म्हनून."

त्या जागेवर जाऊन बसल्या. मी मशीनवर date टाइप केलं. उत्तर आलं, शनिवार.

आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाईन जाते. इन्व्हर्टरवर ताण नको म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी, लिहिली होती. लाईन गेली की ती स्क्रिप्ट मशीनला आहे त्या क्षणी झोपवायची. सोमवारी मी ते उठवायचो, पण दुपारी आपोआप जुळेपर्यंत त्याचं घड्याळ शनिवारीच राहायचं. जुनं सर्टिफिकेट वर्षभरापूर्वीचं, त्यामुळे कधी अडलं नाही. सोमवारी बनवलेलं सर्टिफिकेट मात्र शनिवारी जगणाऱ्या मशीनला वैध कसं वाटणार? या स्क्रिप्टबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

घड्याळ जुळवलं. टेस्ट पास.

तेवढ्यात साहेब आले. "सापडलं का? बाईनंच केलं होतं ना?"

मी म्हणालो, "झालं साहेब, आता चालू आहे."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला जास्त लागतं. जेवणाच्या सुट्टीनंतर मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही बाईले वाचवून तं नाही राह्यले?"

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण वर्षाऐवजी तीनच महिन्यांचं. मी मॅडमची माफी मागितली. त्या "बरं सर" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आता कुठलंही काम केलं की त्या तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवतात. मशीनचं घड्याळ मी एका कमांडनं जुळवलं होतं. साहेबांच्या डोक्यात मी जे घातलं, ते काढायची कमांड मला अजून सापडलेली नाही.