सेमीचा फुलाफुलांचा शर्ट

सगळा फोटो राखाडी आणि नवरीच्या हातातला गुच्छ तेवढा लालभडक! हे खूळ आमच्या फिजीत, सुव्यात आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. रंगीत फोटो मी काढायचा आणि आमच्या स्टुडिओतल्या अकनिसीने बसून त्यातला रंग पुसायचा, काय अर्थ आहे का? पण बाईचा हात असा, की एक पाकळी राखाडीत जायची नाही. माउस धरून, जीभ दातांत चावून, तासन् तास कडा कोरत बसायची. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

सेमी तिच्या तउवू गावचा. आमच्याकडे ज्या दोन गावांचा मूळ देव एक, ती एकमेकांची तउवू; त्यांनी एकमेकांची हवी तेवढी टर उडवावी, रागवायचं मात्र कुणी नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो सांगायला आला तो दारातूनच ओरडला, "काय गं अळकुडीचोर, आमच्या वानीचा गुच्छ नीट लाल ठेव. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"तुमच्या गावाला इभ्रत? कधी आणली, आणि कुणाची चोरून?"

आठवड्याने बापलेक फोटो न्यायला आले. अकनिसीने मोठी फ्रेम उघडली. नवरी राखाडी, गुच्छ राखाडी, आणि मागे उभ्या सेमीच्या ढेरीवरचा लाल फुलाफुलांचा शर्ट तेवढा झगझगीत! सेमी हसून हसून खाली बसला. वानीच्या डोळ्यांत मात्र पाणी.

"लग्न माझं आणि दिसतात कोण, तर बाबा! फाडा तो. कॉम्प्युटरमधूनही पुसून टाका."

मालकाने अकनिसीला सगळ्यांदेखत झापलं. तिने मान डोलावली आणि गुच्छ लाल करून दिला.

नऊ महिन्यांनी सेमी गेला. काळे कपडे घातलेली वानी एकटीच आली.

"ताई, लग्नाचे सगळे फोटो मी तसेच करून घेतले हो. सगळीकडे बाबा राखाडी. त्या एकात तेवढे रंगात होते, आणि तोच मी पुसायला लावला."

मी खाली बघितलं. मूळ रंगीत फोटो मीच कधीचे पुसले होते, तेव्हा कॉम्प्युटरात जागा कुठे पुरायची! अकनिसीने मात्र खण ओढला आणि तळातून एक सीडी काढली.

"तुझं ऐकायला मी काय तुझ्या गावची आहे? तउवूने एक सांगितलं की दुसरं करायचं, हीच रीत."

पडद्यावर सेमी उघडला. वानी त्या लाल फुलांवरून बोट फिरवत राहिली. मघापासून ताठ बसलेल्या अकनिसीचाच बांध फुटला.

"आता मला अळकुडीचोर कोण म्हणणार गं?"

वानीने बाहीने नाक पुसलं.

"मी आहे ना. चल, मोठा छाप. आणि कागदात चोरी करू नकोस, अळकुडीचोर."