तेरा हजारांची सूट

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने तोच दात दुसऱ्यांदा पुसून टाकला. वरचा, डावीकडचा सुळा. ओली पूड ब्रशने थरावर थर चढवायची आणि दात भट्टीत भाजायचा, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. भाजल्यावर दात आकसतो, म्हणून तो मुळात थोडा मोठा घडवावा लागतो. किती मोठा, ते तिच्या हाताला पाठ होतं. आज हात थाऱ्यावर नव्हता.

दाताचे डॉक्टर तिला कवळीवाल्या बाई म्हणत. कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर मालक बसायचे, आत ती आणि भट्टी. मालकांच्या डोळ्यांनी आता दगा दिला होता. "भट्टी आणि टेबलं तुम्हीच घ्या," असं ते तिला म्हणाले होते. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग पुढच्या चौकातली मंडळी पैसे घेऊन उभीच आहेत." त्या मंडळींकडे स्वतःचे कारागीर होते. म्हणजे भट्टी गेली की तिचं स्टूलही गेलं.

बँकेने कर्ज नाकारलं. क्रेडिट स्कोअर सहाशे अकरा, आणि त्याचं कारण ती स्वतःच. चार वर्षांपूर्वी कार्डाचे एकतीस हजार थकले, तेव्हा तिने वसुलीवाल्याशी तीन दिवस फोनवर घासाघीस करून प्रकरण अठरा हजारांत मिटवलं होतं. सासूबाईंनी ते गल्लीभर सांगितलं. भाव पाडण्यात सुनेचा लौकिकच तसा होता. कपाट घ्यायचं असो की पडदे, नातेवाईक तिला सोबत न्यायचे. नोंदीत मात्र 'पूर्ण फेडले' असं नव्हतं, 'तडजोडीने मिटवले' असं होतं. वाचवलेले तेरा हजार तिथेच जाऊन बसले होते.

स्कोअर सुधारून देणारा सल्लागार नवऱ्याने शोधला. साडेबाराला तो आला आणि भट्टीशेजारी बसला.

"वीस दिवसांत साडेसातशेच्या वर नेतो, वहिनी. फी पंधरा हजार, आगाऊ."

"नऊ," ती सवयीने म्हणाली.

"चालेल. तुमच्यासाठी नऊ."

तो बारा हजारांवर अडेल, असं तिला वाटलं होतं. ज्याच्याकडे माल असतो तो असा घसरत नाही. आधी कपाळाला हात लावतो, मुलांच्या शाळेचा खर्च सांगतो, पिशवी उचलून निघाल्यासारखं करतो.

"सात?"

"बरं, सात. पण आजच."

"कागद दाखवा."

अर्ज भरूनच आणला होता, फक्त सही बाकी. 'सदर कार्ड माझे नाही. मी ते कधीही वापरलेले नाही.'

"अहो, हे कार्ड माझंच आहे!"

"ही पद्धत असते, वहिनी. बँकेने मुदतीत उत्तर दिलं नाही, तर नोंद उडते."

"आणि दिलं तर?"

"पुन्हा पाठवू."

"फी परत?"

"फी कामाची असते. निकालाची नाही."

तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "दिलेस पैसे?"

"सातवर आला तो."

"मग?"

"तेच खटकतंय."

"महाग म्हटलं तर भांडतेस, स्वस्त दिलं तर संशय! अगं, भट्टी हातची जाईल."

तिने फोन ठेवला आणि मागच्या जिन्यात जाऊन कार्डाच्या बँकेला लावला. पलीकडची बाई ठरावीक सुरात बोलली. तेव्हा सूट मिळालेले तेरा हजार भरा, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या, नोंद बदलायला आम्ही कळवू. तीस ते पंचेचाळीस दिवस. स्कोअर किती वाढेल, ते सांगता येणार नाही.

"तेरातले काही..." असं तिच्या तोंडून निसटलंच. मग तिने जीभ चावली. "काही नाही. पूर्ण भरते."

आत येऊन तिने अर्ज सल्लागाराच्या हातात दिला. "सही नाही जमणार."

"भट्टी गेल्यावर फोन कराल," तो उठता उठता म्हणाला, "तेव्हा पंधराच लागतील."

तीन वाजता मालकांसमोर जाऊन तिने सगळं सांगितलं आणि वीस दिवस वाढवून मागितले.

"दहा," मालक म्हणाले.

"काका, पंधरा."

"बाई, त्यांना शब्द देऊन बसलोय मी. दहा."

हा माणूस खरा भाव सांगत होता, हे तिला लगेच कळलं. महिन्याचे उरलेले चौदा आणि हे दहा, असे चोवीस. बँकेचे तीस, तेही झाले तर. तिने बोटांवर पुन्हा मोजलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. सहा दिवस कमीच पडत होते. भट्टीसाठी साठवलेल्या चाळीस हजारांतून तेरा काढल्यावर हातात सत्तावीस उरणार होते.

सुळा चौथ्या खेपेला जमला.

बँकेची शाखा उद्या दहाला उघडते. त्याआधी, साडेनऊला, दातांवर बसवायच्या पाच कॅपा भट्टीतून बाहेर निघायला हव्यात.