संस्था टिकवण्याचं भाषण

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात, दूध संस्थेत, सगळं गाव ज्यांना चाचा म्हणायचं, ते दूध मोजायचे. दुष्काळात निम्मी जनावरं विकली गेली, तरी टँकरच्या पाण्यातलं घागरभर राखून ते रिकामे राहिलेले कॅनसुद्धा रोज धुवायचे. मी हसलो की म्हणायचे, "कॅनला वास आला, तर दूध घालणारा पुन्ना यायचा न्हाई."

अध्यक्षांनी सभेत, संकटात संस्था कशी टिकवायची यावर तासभर भाषण ठोकलं. चाचा उठले. "सायेब, मग तुमच्या म्हशींचं दूध खासगी डेअरीला कावून जातंय?"

अध्यक्षांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. ते दूध कुठं जातं, हे आम्हा सगळ्या सभासदांना ठाऊक होतं. एकही उठला नाही. मीसुद्धा नाही. भाषणाला मात्र आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.