झिपोराबाईंच्या सतरा दुरुस्त्या

झिपोराबाई लुटोमिया कधी कुणावर ओरडल्या नाहीत. केनियातल्या शिन्यालू गावच्या प्राथमिक शाळेत त्या उपमुख्याध्यापिका. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पोरावर हात उगारला नाही. गरजच पडली नाही. त्या लिहून ठेवत.

आमच्याकडे समितीशिवाय पान हलत नाही. लग्नाला समिती, मयताला समिती, चर्चचा पत्रा उडाला की पत्र्याला समिती. समितीला चहा लागतो, तळलेली गोड मांडाझी लागतात आणि एक सचिव लागतो. पंचक्रोशीतल्या सगळ्या समित्यांच्या सचिव झिपोराबाईच. सभेत जे जे बोललं गेलं ते त्या निळ्या शाईत उतरवत आणि पुढच्या सभेत चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, उभ्या राहून वाचत. ते वाचून झालं, एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला, तरच सभा पुढे सरकायची. बाईंचा सगळा सूड या वाचनात असे. दुकानदार शिकुकू एकदा त्यांना म्हणाला, "बाई, तुम्ही फार बोलता बुवा." पुढच्या इतिवृत्तात तीन वाक्यं आली. 'श्री. शिकुकू यांनी मयतासाठी बोकड जाहीर केला. प्रत्यक्षात कोंबडी आली. कोंबडी लंगडत होती.' एक शब्द खोटा नव्हता. शिकुकूने चर्च बदललं.

अशा बाईची सोळा वर्षांची मुलगी नेलिमा. एप्रिलमध्ये बाईंच्या पुतण्याचं लग्न होतं. मंडपात तीनशे माणूस. सूत्रसंचालकाने काय डोक्यात घेतलं कुणास ठाऊक, त्याने माइक नेलिमाच्या हातात दिला. नेलिमाने टेबलावरचा आईचा चष्मा उचलला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि थेट आईच्याच आवाजात सुरू झाली. "सभेने नोंद घेतली की नवरदेवाने आंघोळ केलेली दिसते. सूचक, नवरीची आई. अनुमोदक..." इथे तिने चष्म्यावरून सगळ्या मंडपाकडे पाहिलं. "अनुमोदक मिळाला नाही."

मंडप कोसळायचा बाकी राहिला. पाद्रीसाहेब डोळे पुसत होते. नेलिमाची आत्या रिस्पा हसता हसता खुर्चीसकट मागे गेली. झिपोराबाईसुद्धा हसल्या, चांगल्या दात दाखवून हसल्या. शेजारी त्यांचे यजमान हर्बर्ट बसले होते. त्यांनी ते हसू पाहिलं आणि हातातली तंगडी हातातच राहिली.

"हसतेयस ना गं?"

"हसतेय की."

"मनापासून?"

"हर्बर्ट, जेव."

त्या दिवसापासून नाक्यावरचे मोटारसायकलवाले बाईंना पाहून ओरडू लागले, "बाई, नोंद घेतली का?" पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "अनुमोदक मिळाला नाही!" एकवीस वर्षांत कमावलेला धाक चार मिनिटांत चणेफुटाण्यासारखा वाटला गेला. बाईंना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नेलिमाने त्याच कुळासमोर उभं राहून माफी मागावी. त्यांनी एकदा सुचवूनही पाहिलं.

"अगं आई, गंमत होती ती!" नेलिमा म्हणाली. "सगळे हसले. तूसुद्धा हसलीस."

"हो. मीसुद्धा हसले," बाई म्हणाल्या आणि डायरीत त्या दिवसाची तारीख घातली.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी लागली. हर्बर्ट जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस. त्यांनाही रजा मिळाली. तिघांनी तीन दिवस नैरोबीला जायचं ठरलं. नेलिमा वसतिगृहातून घरी आली ती फोनवर यादी घेऊनच. यादी लांब होती, पण तिचा जीव एकाच ओळीत होता: शनिवारची दुपार. वर्गातली मकेना नैरोबीचीच. दोघींनी मिळून रंगीबेरंगी मटाटूत, म्हणजे कान फुटेपर्यंत गाणी वाजवणाऱ्या मिनीबसमध्ये, दोन फेऱ्या मारायच्या, एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जायचं आणि जिथे एकही नातेवाईक नाही अशा ठिकाणी बसून तिखट चिप्स खायचे.

"छान," झिपोराबाई म्हणाल्या. "समिती नेमू."

"आई, आपण तिघंच आहोत!"

"तिघांत गणपूर्ती होते. हर्बर्ट, तुम्ही अध्यक्ष."

हर्बर्टनी मान हलवली. गेली अठरा वर्षं ते मान हलवण्याचंच अध्यक्षपद सांभाळत होते.

सभा झाली, नेलिमाची यादी जशीच्या तशी मंजूर झाली. आईने एक शब्दही खोडला नाही. पोरीला तिथेच संशय यायला हवा होता. पण सोळाव्या वर्षी माणूस आनंदात असला की आंधळा असतो.

आता आमच्याकडचा माणूस नैरोबीला जातो तो चोरासारखा जातो, हे सांगायला नको. टोपी कपाळावर, फोन बंद, शेजाऱ्याला सांगायचं 'दवाखान्यात चाललोय'. कारण एका नातेवाइकाला कळलं की सगळ्यांना कळलं. मग प्रत्येक जण तुमच्यासाठी कोंबडी कापणार, आणि कापलेली कोंबडी न खाता परत आलात तर तुमच्या पोरांच्या लग्नापर्यंत ते घर तुमच्याशी बोलणार नाही. शहाणा माणूस चार दिवस राजधानी बघून येतो आणि बुटांची धूळ बसमध्येच झटकतो.

झिपोराबाईंनी चहा संपवला, फोन घेतला आणि कुळाच्या ग्रुपवर एकेक अक्षर दाबत लिहिलं: 'प्रिय आप्तजनहो, आम्ही तिघं शुक्रवारी नैरोबीला येत आहोत. रविवारपर्यंत मुक्काम. सर्वांना भेटण्याची नेलिमाला फार ओढ आहे.'

दहा मिनिटांत अकरा घरांची आमंत्रणं आली. रिस्पाआत्याने नैरोबीतल्या कायोलेहून बोलून पाठवलं: "शनिवारी दुपारी माझ्याकडे! आधी प्रार्थना, मग जेवण. प्रार्थना छोटीशीच. तीन तास."

नेलिमा फोन पुढे धरून स्वयंपाकघरात आली.

"आई, हे तू काय केलंस?"

"पाहुण्यासारखं वागले."

"अकरा घरं! तीन दिवसांत! माझी शनिवारची दुपार..."

"निघू शकते." बाई मक्याच्या पिठाची उगाली ढवळत होत्या. हात थांबला नाही. "मला सगळं रद्द करता येतं. हर्बर्टच्या पोटात दुखतंय असं कळवते. फक्त तू ग्रुपवर माफी माग. लग्नातल्या त्या प्रकाराबद्दल."

दाराशी उभ्या हर्बर्टनी आपलं पोट चाचपून पाहिलं.

"मी कशाची माफी मागू? तू तश्शीच वाचतेस!"

"मग जा. अकरा कोंबड्या खा."

नेलिमा दोन दिवस जेवायला बसली पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन टणटण वाजू लागला. नेलिमाने ग्रुपवर लिहिलं होतं: 'अकरा घरी जाऊन कुणालाच पुरेसा वेळ देता येणार नाही. त्यापेक्षा शनिवारी सकाळी दहाला सगळे उहुरू पार्कात जमू या का? प्रत्येकाने आपली कोंबडी शिजवून आणावी. बारापर्यंत भेटी उरकतील.'

कुळ खूश झालं. बाराला भेटी संपल्या की दुपार मोकळी, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. पोरीच्या डोक्याचं त्यांना मनातून कौतुक वाटलं आणि त्या कौतुकाचा त्यांना भयंकर राग आला. पण घाबरायचं कारण नव्हतं. एवढा मेळावा म्हणजे समिती आलीच, समिती आली की सचिव आलाच. बाईंनी शाईची बाटली पुढे ओढली.

तेवढ्यात फोनवर रिस्पाचा आवाज आला. "सचिव नेलिमाच! लग्नात काय वाचलंन पोरीने! झिपोरा, तू आता आराम कर गं."

धडाधड अकरा अंगठे वर झाले. मग बारावा आला. तो हर्बर्टचा होता.

"चुकून दाबला गेला," हर्बर्ट म्हणाले.

'आराम कर' हे दोन शब्द बाईंना माशाच्या काट्यासारखे टोचले. त्यांनी उठून प्रवासाच्या पिशवीत लाल पेन टाकलं.

शनिवारी पार्कात चाळीस माणसं चटयांवर बसली. मध्ये कोंबड्यांची भांडी, कापडाने झाकलेली. नेलिमा वही घेऊन उभी राहिली आणि आठवडाभर फोनवर झालेल्या सभांचं इतिवृत्त तिने वाचलं. आवाज स्वच्छ, वाक्यं छोटी. मध्येच एक वाक्य आलं: 'सौ. झिपोरा यांनी कुणीही न विचारता सहलीची बातमी स्वतःहून कळवली. सभा त्यांची आभारी आहे.' चटयांवर खसखस पिकली. बाईंना आतून कळलं की हे वाक्य आपणच लिहिल्यासारखं आहे. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

त्यांनी बोट वर केलं.

"अध्यक्ष महाराज, सामान्य सभासद म्हणून विचारते. उपस्थितांत लुकासकाकांचं नाव आहे. फोनवर फक्त त्यांचा अंगठा आला होता. सभेला काका हजर होते की अंगठा?"

लुकासकाका गोंधळले. यावर वीस मिनिटं चर्चा झाली. दुरुस्ती एक.

"चटया आठ लिहिल्यात. मी नऊ मोजते." सगळे उठले, चटया मोजल्या, बसले. दुरुस्ती दोन.

"आरंभी प्रार्थना झाल्याची नोंद नाही. मग ही सभा देवाला न विचारताच भरली म्हणायची का?"

"अरे देवा!" रिस्पा म्हणाली आणि लगेच डोळे मिटून उभी राहिली. तिची प्रार्थना पन्नास मिनिटं चालली. त्यात तिने आजारी गायींपासून सरकारपर्यंत कुणालाही वगळलं नाही. दुरुस्ती तीन.

एक वाजता फाटकापाशी पिवळ्या टोपीतली मकेना दिसली. तिने हात केला. नेलिमाने पाहिलं, आणि आईने नेलिमाला पाहताना पाहिलं.

"दुरुस्ती आठ," बाई म्हणाल्या.

दोन वाजले. कोंबड्यांवर चरबी गोठली. पोरं रडू लागली. लुकासकाका भांड्यावरचं कापड हळूच उचलू लागले तर बाईंनी विचारलं, "जेवणाचा ठराव झालाय का?" काकांनी कापड ठेवून दिलं. नेलिमा प्रत्येक दुरुस्ती खोडून लिहीत होती. बोटांना शाई लागली होती, मान दुखत होती, आणि चाळीस उपाशी माणसं तिच्याकडे अशी बघत होती जणू तिनेच त्यांचं जेवण लपवलंय. मकेना फाटकाच्या कठड्यावर बसली होती. तीन वाजता बाईंनी सोळावी दुरुस्ती सांगितली तेव्हा मागून कुणीतरी नेलिमाच्याच लग्नातल्या सुरात ओरडलं, "अनुमोदक मिळाला नाही!" आणि सगळे हसले. या वेळी हसू नेलिमावर होतं.

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

तिने वही खाली ठेवली. "मला काहीतरी बोलायचंय," ती म्हणाली. "लग्नात मी आईची नक्कल केली. मला वाटलं, हे काम म्हणजे चष्मा आणि आवाज. तुम्ही सगळे आरामात बसता, खाता, भांडता, आणि उभं कुणीतरी एकटंच असतं. आई एकवीस वर्षं उभी आहे. मी तिला हसण्यावारी नेलं. आई, चुकले मी. माफ कर."

पाठीवर बांधलेल्या एका बाळाने उचकी दिली.

झिपोराबाईंना चार महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास आला. पोरीला जवळ घ्यावं असं क्षणभर वाटलंही. पण आधीची कामं आधी.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "ही सतरावी."

नेलिमाने लिहिलं. शब्दन् शब्द.

"सूचक मी," बाई उठून म्हणाल्या. "अनुमोदक?"

चाळीस हात वर झाले, उपाशी माणसं कशालाही अनुमोदन देतात. "सभा संपली," हर्बर्ट आयुष्यात पहिल्यांदा न विचारता म्हणाले, आणि लोक भांड्यांवर तुटून पडले.

"आई, मी..."

"पळ. सातच्या आत ये. आणि दोघी एकाच मटाटूत बसा, वेगळ्या नको."

नेलिमा धावत सुटली. वही चटईवरच राहिली. बाईंनी ती उचलली, आपल्या पिशवीत घातली आणि थंड कोंबडीचा पहिला घास घेतला. एवढी चवदार कोंबडी त्यांनी कधी खाल्ली नव्हती.

"काय गं झिपोरा," रिस्पा बोटं चाटत म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता तरी आराम कर."

झिपोराबाईंनी घास गिळला. मग त्या उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मैदानावर वापरायच्या आवाजात म्हणाल्या, "मंडळी, ऐकता का? रिस्पावन्सं उद्या दुपारी सगळ्यांना कायोलेला बोलावताहेत. चाळीसही माणसं. गरम कोंबडी. माझ्या कानात आत्ताच म्हणाल्या, लाजत होत्या."

चाळीस माणसांनी एका दमात टाळ्या वाजवल्या. रिस्पा तोंड उघडं ठेवून भावजयीकडे बघत राहिली. आलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि येतो म्हणालेल्याला तर नाहीच नाही.

"झिपोरा," ती हळूच म्हणाली, "माझ्या घरी सहाच कोंबड्या आहेत गं."

"असू देत वन्सं," झिपोराबाई मायेने म्हणाल्या. "लंगडत्याही चालतील."